घट्ट मिल्कशेक हवा तर बर्फ बाजूला ठेवा

शेक पातळ होतो तो बहुतेक वेळा बर्फामुळे. मुंबईच्या उकाड्यात तो भांड्यातच वितळतो आणि ग्लासात उरतं रंगीत पाणी. गारवा फळातूनच आणायचा. दोन ग्लासांसाठी ४ पिकलेले चिकू (डहाणूचे मिळाले तर उत्तमच) सोला, बिया काढा आणि फोडी ताटलीत सुट्या पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. डब्यात कोंबल्या तर त्यांचा एकच दगड होतो. घरचा मिक्सर असेल तर फोडी ५ मिनिटं बाहेर ठेवूनच घाला.

दूध फुल क्रीम, तापवून फ्रिजमध्ये चांगलं गार केलेलं, फक्त १५० मिली. आधी फोडी, २ चमचे साखर आणि निम्मं दूध फिरवा. उरलेलं लागेल तसं. मिक्सर घरघरतोय पण आत काही हलत नाही? बंद करा, चमच्याने फोडी खाली ढकला. इथेच लोक घाईने दूध ओततात आणि शेक बिघडवतात. व्हॅनिला आइस्क्रीमचे २ गोळे अगदी शेवटी, पल्सवर ३-४ झटके, बस. जास्त फिरवलं की भांडं तापतं, आइस्क्रीम विरघळतं, वर नुसता फेस. कच्चट चिकू मात्र घेऊ नका. त्याचा तुरटपणा साखरेने जात नाही.