आधी एको, मग पेढे

पत्र : 2007 साली माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागले. शाळेत बाई ओरडायच्या, घरी आम्ही अंगारे-धुपारे केले. शेवटी सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी ओळखलं, की हा रुमॅटिक तापाचा प्रकार आहे आणि हृदयाच्या झडपेलाही थोडी गळती आहे. आम्ही तिथे होतो तोवर ते रोज रात्री येऊन तिच्याशी गप्पा मारायचे. आता ते पुण्यात मोठे डॉक्टर झालेत असं कळलं. पेढे घेऊन भेटावंसं वाटतं. पण शिकत असतानाचे पेशंट डॉक्टरांना आठवतात का? ओळखलं नाही तर मनाला फार लागेल. मुलगी छान आहे. इंजेक्शनं बारावीच्या वर्षी सुटली ती सुटलीच. सध्या पाचवा महिना आहे, जिना चढताना मध्ये थांबते तेवढंच.
– एक आई, बार्शी

ताई, सगळं पत्र डॉक्टरांवर आणि शेवटची अर्धी ओळ जिन्यावर. मी त्या जिन्यावरच अडकले आहे.

लेक जिन्यात का थांबते? ‘पहिलटकरणीला होतंच असं’ म्हणून घरातल्यांनी सोडून दिलं असणार. बाकीच्या पोरींच्या बाबतीत ते खरंही असेल. तुमच्या लेकीच्या झडपेला लहानपणी इजा झालेली आहे. अशी झडप वर्षानुवर्षं आतल्या आत जाड होत जाते आणि अरुंद होते, बाहेरून काही कळत नाही. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, नाडीही जोरात चालते. झडप अरुंद असेल तर तेवढं रक्त पुढे सरकत नाही, मागे फुप्फुसात तुंबतं. मग दम लागतो, रात्री दोन उशा लागतात, आडवं पडलं की खोकला येतो. हे रक्त साधारण आठव्या महिन्यापर्यंत वाढतच राहतं. म्हणजे अजून चढ बाकी आहे.

आणि ती इंजेक्शनं. पेनिड्युर, म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, 12 लाख युनिट, दर 21 दिवसांनी. झडपेला इजा झालेल्यांनी ती किमान दहा वर्षं आणि वयाच्या पंचविशीपर्यंत तरी घ्यायची असतात, कारण रुमॅटिक ताप येतो तो घशाच्या संसर्गामागून; तोच संसर्ग पुन्हा झाला की ताप उलटतो आणि प्रत्येक वेळी झडपेचा आणखी लचका तोडतो. तुमची बारावीत सुटली, म्हणजे आठेक वर्षांत. कशी सुटतात तेही ठाऊक आहे. औषध घट्ट असतं, सुईत अडकतं, दोन दिवस बूड ठणकतं. गावातला डॉक्टर रिअॅक्शनच्या भीतीने टोचायला नाही म्हणतो. 21 दिवसांचा महिना होतो, महिन्याचं ‘परीक्षा झाल्यावर बघू’ होतं. आणि पोर तर हसतखेळत असते! रागावून आता उपयोग नाही, पण ‘मुलगी छान आहे’ हे एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, न करता लिहू नका.

याच आठवड्यात तिचा टू-डी एको करून घ्या. ही सोनोग्राफीच असते, बाळाला काही होत नाही, अर्ध्या तासाचं काम. जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड न्या आणि मायट्रल झडपेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची, रुंदी मोजायला सांगा. तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा : लहानपणी रुमॅटिक ताप होता, कोरिया झाला होता, इंजेक्शनं अर्धवट सुटली. कोरिया हे त्या हात हलण्याचं नाव. तो गरोदरपणात कधीकधी परत डोकं वर काढतो, म्हणून हातातून भांडी निसटू लागली तर धांदरटपणा समजू नका. पेनिसिलिन गरोदरपणात चालतं, पण पुन्हा सुरू करायचं ते डॉक्टरांनी ठरवून, आपल्या मनाने नाही. आणि बसल्या जागी दम लागला किंवा आडवंच होता येईना, तर एकोच्या तारखेची वाट न बघता थेट मोठा दवाखाना गाठा.

आता तुमचा प्रश्न. नाव आठवणार नाही. चेहराही नाही; नऊ वर्षांच्या पोरीचा चेहरा आता तुमच्या लेकीकडे तरी कुठे आहे? निवासी डॉक्टरच्या हाताखालून तीन वर्षांत हजारो पोरं जातात. त्यांना लक्षात राहतात ती दगावलेली, चुकलेली आणि पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलेली. कोरिया या तिसऱ्या खणातला. बोट धरायला दिलं की मूल धार काढल्यासारखं दाबतं-सोडतं, जीभ बाहेर काढून ठेवता येत नाही, झोपलं की सगळं शांत. घसा दुखल्यावर एक ते सहा महिन्यांनी हे सुरू होतं, तोवर ताप विसरलेला असतो, म्हणून भल्याभल्यांच्या हातून निसटतं. तरुणपणी ज्याने ते पकडलं, त्याला ते हात आठवायची शक्यता बरीच आहे.

फक्त ‘ओळखलंत का?’ असं विचारू नका, ती परीक्षा होते. सन सांगा, वॉर्ड सांगा, हात थांबत नव्हते म्हणून शाळेत ओरडा खायची ते सांगा. दवाखान्यात जुने केसपेपर शोधायला जाऊ नका. भरती पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं ठेवायचाच नियम आहे. जे आहे ते तुमच्या कपाटातलं कार्ड.

आठवलं की ते पहिलं विचारतील, ‘पेनिड्युर चालू आहे ना?’ तेव्हा खाली बघायची वेळ येऊ नये. कार्डाच्या दोन झेरॉक्स काढा, एक एकोच्या फाइलला लावा आणि दुसरी पेढ्यांबरोबर न्या.