लेकीला तेलात माखलेले पक्षी वाचवायचेत, मग गणित सोडू द्यायचं का?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. लेक दहावी झाली, केपटाऊनचे तेलकट पेंग्विन धुतानाचा व्हिडिओ बघून 'मला हेच करायचंय' म्हणतेय, अकरावीला गणित सोडणार म्हणतेय आणि बाबा म्हणतात यात पोट भरत नाही.

बाबांचं निम्मं बरोबर आहे. नुसती पक्षी धुण्याची नोकरी आपल्याकडे जवळपास नाहीच, कारण जहाजातून समुद्रात तेलाची गळती काही रोज होत नाही (नशीब आपलं!). पण ते धुणं म्हणजे तरी काय, तर पक्षी आणला की लगेच पाण्यात घालत नाहीत, आधी ऊब, सलाईनसारखं पाणी, जरा ताकद आली की मग एकजण धरतो, दुसरा साबणाने पिसं धुतो, डोक्याला टूथब्रश, आणि खरी मेहनत साबण पूर्ण निघेपर्यंत खंगाळण्यात, नाहीतर पिसं पाणी धरतात. हे ठरवणारा माणूस व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर असतो. २००० साली केपटाऊनजवळ ट्रेझर जहाज बुडून तेल सांडलं तेव्हा सुमारे १९ हजार माखलेले पेंग्विन साफ केले, आणि जवळपास तेवढेच स्वच्छ पेंग्विन उचलून लांब पोर्ट एलिझाबेथला सोडले, ते पोहत घरी येईपर्यंत इकडे किनारा साफ! ही अक्कल पेंग्विनचा अभ्यास केलेल्यांचीच.

आता आपलं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ चित्रा आणि खलिजिया जहाजं धडकली, साधारण ८०० टन तेल सांडलं, खारफुटीत घुसलं, आणि तिथून ते काढणं महाकठीण, मुळांवर चिकटतं ना. समुद्रातल्या तेलाची मुख्य जबाबदारी कोस्ट गार्डची, आणि तिथे जनरल ड्युटी ऑफिसर व्हायला बारावीपर्यंत गणित-फिजिक्स लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत, गणित सोडू नका, बायोलॉजीसोबत ठेवा. दोन वर्षं जरा जड जातील, पण व्हेटरनरी (NEET परीक्षा देऊन साडेपाच वर्षं, मुंबईत परळला कॉलेज आहे), रत्नागिरीत शिरगावचं फिशरीज (मत्स्यशास्त्र) कॉलेज, कोस्ट गार्ड, सगळी दारं उघडी राहतात. व्हेट झाली तर एरवी गाईगुरं, कुत्री-मांजरं बघून घर चालेल, बाबांना सांगा.

आणि पावसाळ्यात तुमच्या अलिबागला किनाऱ्यावर सांडलेल्या तेलाचे डांबरासारखे गोळे लागले तर उघड्या हाताने उचलू देऊ नका, फोटो, तारीख, जागा वहीत लिहू दे. माखलेला पक्षी दिसला तर मागे धावायचं नाही, वनखात्याला फोन करायचा.