मुंबईतल्या ८ बाय १० फुटी स्वयंपाकघरात सगळ्यांना एकत्र वावरता येईल अशी रचना कशी करावी?

तुम्ही दिलेली माहिती अशी: मुलुंडचा २ बीएचके, स्वयंपाकघर ८ बाय १० फूट, आखूड भिंतीला खिडकी, घरात ५ माणसं आणि त्यांत सत्तरी ओलांडलेल्या आजी. दहा वर्षांनीही जुनाट न वाटणारं, गप्पा मारत काम करता येईल असं स्वयंपाकघर हवंय. मॉड्युलरवाल्याकडे जाण्याआधी कोण कुठे उभं राहणार आणि कोण कुठे बसणार, एवढं कागदावर काढा. कपाटांचे दरवाजे आणि रंग नंतर बघू.

१० फुटी भिंतीला २४ इंच खोलीचा ओटा घ्या आणि तो खिडकीखाली वळवून सिंक तिथे बसवा. गॅस खिडकीखाली नको. वाऱ्याने ज्योत हलते आणि पावसाळ्यात खिडकी बंद ठेवूनच स्वयंपाक करावा लागतो. गॅस आणि सिंक यांच्यामध्ये निदान अडीच फूट मोकळा ओटा ठेवा. चिरणं, मळणं, कुकर उतरवून ठेवणं सगळं तिथेच होतं. तिथे मिक्सर आणि वॉटर फिल्टर कायमचे बसले तर लांबलचक ओटा असूनही जागा नाही अशी गत होते. त्यांना फ्रीजकडच्या टोकाला जागा द्या.

ओट्याची उंची कॅटलॉगमधून उचलू नका. जो जास्त स्वयंपाक करतो त्याने हात कोपरात वाकवून सरळ उभं राहावं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावं आणि त्यातून ५-६ इंच वजा करावेत. ५ फूट २ इंच उंचीच्या व्यक्तीला साधारण ३३ इंच येतात. ओट्यावर ठेवायची शेगडी आणखी ४ ते ६ इंच खाते, म्हणून ३६ इंची ओट्यावर मोठ्या पातेल्यात पळी फिरवताना खांदा उचलावा लागतो. रोज तासभर असं केलं की खांदा दुखणारच. आणि हे माप नव्या लादीच्या वरून घ्या. जुन्या लादीवरच नवी लादी बसवली की जमीन पाऊण-एक इंच वर येते आणि ओटा तेवढाच बुटका होतो.

आता बसण्याची जागा, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. ब्रेकफास्ट काउंटर आणि उंच स्टूल मी सुचवणार नाही. आजी त्यावर चढणार नाहीत आणि लहान मूल पडेल. समोरच्या भिंतीला, दाराकडच्या टोकाला, १८ इंच रुंद आणि ४ फूट लांब घडीचं टेबल घ्या, उंची २९-३० इंच, म्हणजे घरातली साधी खुर्ची चालेल. दोन माणसं आरामात बसतात. शेंगा सोला, भाजी निवडा, मुलांचा अभ्यास घ्या. हीच उंची उभ्याने पोळ्या लाटायला आणि कणीक मळायलाही सोयीची, कारण हातावर वरून जोर देता येतो. मोदक वळायला तीन-चार जणी जमल्या तर टेबल सोडवून मध्ये ओढता यावं, म्हणून ते भिंतीला कायमचं ठोकू नका. हिशेब असा: ८ फुटांतून ओट्याचे २ आणि टेबलाचा दीड फूट गेला की साडेचार फूट उरतात. खुर्चीवर माणूस बसला तरी मागून अडीच फूट वाट राहते. टेबल गॅसच्या थेट मागे मात्र नको, उकळतं पातेलं घेऊन वळताना धक्का बसतो.

हॉलकडची भिंत पूर्ण काढून ओपन किचन करू नका. फोडणी आणि तळलेल्या बोंबलांचा वास सोफ्याच्या कापडात मुरतो. त्या भिंतीत ४ फुटी सरकती काच पुरते: एरवी उघडी, तळणाला बंद. आधी ती भिंत भार पेलणारी नाही ना, हे स्ट्रक्चरल इंजिनीयरकडून लेखी घ्या आणि सोसायटीची परवानगी काढा. सिंक किंवा न्हाणी खालच्या घरातल्या बेडरूमवर सरकवू नका. गळती झाली की भांडण ठरलेलं.

ओट्याला काळा ग्रॅनाइट, १८ ते २० मिमी. संगमरवरावर लिंबू-कोकमाचे चट्टे पडतात. क्वार्ट्झच्या ओट्यात दगडाचा चुरा चिकटवणारं रेझिन असतं, तापलेला तवा थेट ठेवला की डाग पडतो किंवा तडा जातो. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला खालून बारीक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी तिथेच थेंब होऊन पडतं, कपाटाच्या दारावरून ओघळत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

खालच्या कपाटांबद्दल माझं मत ठाम आहे. मुंबईच्या दमटपणात पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेले बोर्ड) नकोच. सिंकखाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या घ्या, त्या फुगत नाहीत आणि वाळवी लागत नाही. बाकी ठिकाणी आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे ओलाव्यात टिकणारा मरीन प्लाय, सगळ्या कडा पट्टीने बंद. प्लाय फुगायला सुरुवात कापलेल्या कडेपासूनच होते. दारांपेक्षा ड्रॉवर जास्त करा, मागचा डबा काढायला वाकावं लागत नाही.

चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर, पाइप ६ इंची, वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. दिवा फक्त छताच्या मध्यावर असला तर चिरताना स्वतःचीच सावली हातावर पडते, म्हणून वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी हवीच. मायक्रोवेव्ह आणि इंडक्शनला १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट काढा. गॅसचा पाइप आणि मीटर हलवायचं काम महानगर गॅसच्या अधिकृत माणसांकडूनच करून घ्या आणि व्हॉल्व्ह कपाटामागे दडवू नका, हात लगेच पोचला पाहिजे.

सुताराचे शेवटचे पैसे देण्याआधी सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा, मग एकदम सोडा आणि खाली प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. जोड ओला लागला तर प्लंबरला तेव्हाच बोलवा.