कलेचा इतिहास पाठ होत नाही? आधी चादर अंथर

तू लिहिलंयस की आर्ट कॉलेजच्या फाउंडेशनला आहेस, प्रॅक्टिकलला मार्क चांगले पडतात पण कलेच्या इतिहासाच्या पेपरला सगळी चित्रं एकसारखीच वाटतात, नावं-सनावळ्या पाठ करून गेलं तरी हॉलमध्ये डोकं कोरं. माझंही अगदी हेच व्हायचं. पहिल्या वर्षी मोनालिसावर दीड पान लिहिलं, त्यात 'भव्य' हा शब्द दोनदा, सरांनी दोन्हीकडे लाल गोल केले आणि भर वर्गात विचारलं, केवढं आहे रे भव्य? मी हात पसरून दाराएवढं दाखवलं. सगळे हसले. खरं माप 77 बाय 53 सेंटिमीटर.

त्या रात्री घरातली सोलापुरी चादर जमिनीवर अंथरली आणि खडूनं तिच्यावर मोनालिसा आखली (आई जे बोलायचं ते बोललीच). चादरीचा एक कोपरा फक्त भरला. मग दालीचं ते वितळणाऱ्या घड्याळांचं चित्र, ते तर 24 बाय 33, म्हणजे मोठ्या वहीच्या पानाएवढं. आणि पिकासोचं गेर्निका साडेतीन मीटर उंच नि पावणेआठ मीटर लांब, त्याच्या लांबीला तीन चादरी पुढंमागं लावल्या तरी पुरेनात, तिसरी उंबऱ्याबाहेर गेली. पुस्तकात नि फोनवर ही तिन्ही चित्रं तळहाताएवढीच दिसतात ना, मग डोक्यात वेगळी कशी राहणार? तेव्हापासून कुठलंही चित्र आलं की मी आधी माप बघतो, मग कशावर काढलंय, मग बाकीचं.

'कशावर' यात पण लई जण फसतात. अजिंठ्याला सरसकट फ्रेस्को लिहून येतात. खरा फ्रेस्को ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर होतो, अजिंठ्यात माती-भुशाचा गिलावा, वर चुन्याचा पातळ थर आणि तो वाळल्यावर रंग. लिओनार्दोनंही लास्ट सपर कोरड्या भिंतीवर केलं म्हणून ते त्याच्या हयातीतच खराब व्हायला लागलं. हे एकदा कळलं की पाठ करावं लागत नाही.

आता खरा अभ्यास. एखाद्या रविवारी विजापूरला जा, सोलापूरहून शंभरेक किलोमीटर, सकाळी निघून रात्री घरी. आधी इब्राहिम रोझा बघायचा, मग गोलघुमट, दोन्ही आदिलशाही सुलतानांच्या कबरी, क्रम हाच. रोझा 1627 च्या सुमाराचा, तिथं भिंतीला नाक लावून उभं राहावं असं काम आहे, दगडात कोरलेली अक्षरं, वेलबुट्टी, जाळ्या. मग गोलघुमटाला ये, 1656 चा, म्हणजे मधे जेमतेम तीस वर्षं, आणि नक्षी जवळजवळ नाहीच, नुसतं वजन. घुमटाचा व्यास बाहेरून 44 मीटर. सगळे वर आवाज घुमवायला पळतात, पळू देत, तू खालीच थांब आणि मान वर करून बघ की खाली चौकोनी खोली आहे तर वर गोल कसा बसला. आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात नि चौकोनाचे कोपरे खाऊन टाकतात. ते वहीत काढ. वाईट काढलंस तरी चालेल, पण पंधरा मिनिटं काढ आणि तोवर गाईडबुक उघडू नकोस. 'तुलना करा' आलं की तुझ्याकडं लिहायला दोन पानं तयार असतील आणि ती कुणाच्या नोट्सची नसतील.

तेवढं लांब जमत नसेल तर आपल्याच जिल्ह्यात हत्तरसंग कुडल आहे की, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथलं बहुमुखी शिवलिंग बघ, चेहऱ्यांच्या ओळी कशा लावल्यात ते.

राहिल्या सनावळ्या. पन्नास पाठ करू नकोस, पाचच खुंट्या ठोक: 1498 लास्ट सपर पूर्ण, 1656 गोलघुमट, 1857 मुंबईचं जेजे आर्ट स्कूल सुरू, 1874 इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन, 1937 गेर्निका. बाकीचं यांच्या अलीकडं-पलीकडं टांगायचं, पेपरात 'साधारण' लिहिलेलं चालतं, शतक चुकलेलं नाही चालत.

विजापूरला जाताना चौकटीची नको, कोरी वही ने, कमानी काढताना त्या रेघा मधे मधे येतात. आणि घरी चित्रं आखायला चादर जुनी घे.