दागिने घडवायला कुठे शिकावं?

क्लास लावू, व्हिडिओ बघू की सोनाराच्या हाताखाली बसू, असं विचारलंत. माझं ऐकाल तर सुरुवातीला समोर बसून शिकवणारा माणूसच शोधा. करवत चालवणं व्हिडिओ बघून जमेल, डाख देणं, म्हणजे ज्योतीने डाख नावाचा मिश्रधातू वितळवून तुकडे सांधणं, नाही जमणार. धातूचा रंग क्षणात पालटतो, तेव्हा "ज्योत मागे घ्या" म्हणणारं कुणीतरी शेजारी लागतं. कोल्हापूरकडचे असाल तर चांदीकामाचं हुपरी जवळच आहे. ओळख काढा, आधी नुसतं बघत बसू द्या म्हणा. क्लास घेणार असाल तर एवढंच विचारा: प्रत्येकाला ज्योत स्वतः हाताळायला मिळते का? नसेल तर पैसे भरू नका.

चांदीची घाई नको. तांब्याच्या पत्र्यावर हात बसवा. नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- करवतीचं पातं जोर लावल्याने तुटतं. पातं उभं धरा, मेण लावा, हात सैल ठेवा.
- ज्योत थेट डाखावर धरतात. सगळा तुकडा सारखा तापवा. डाख उष्णतेकडे धावतो. सांध्यात फट असेल तर मात्र डाखाने ती बुजणार नाही. आधी कानस मारून दोन्ही कडा नीट जुळवा, उजेडाकडे धरून बघा.
- कॅडमियमचा डाख स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, त्याचा धूर विषारी असतो.

खडे बसवणं, मीनाकारी, ओतकाम सध्या राहू द्या. सांधा दिसणार नाही अशी एक साधी अंगठी करा. नक्की जमेल तुम्हाला. झाली की पुढचं विचारा.