दिवाण घेताना: जुना, जुनासा की नवा?

प्रश्न : ताई, बैठकीच्या खोलीत खिडकीखाली दोन-सव्वादोन मीटर भिंत मोकळी आहे. तिथे दिवाण ठेवायचाय. दिवसा बसायला, पुस्तक घेऊन लवंडायला आणि कधी पाहुणा आलाच तर झोपायला. कोरीव पायांचा, वेताने विणलेला एक जुना दिवाण माझ्या मनात भरलाय. विकणारा म्हणतो, दीडशे वर्षांचा अँटिक आहे. नवऱ्याचं म्हणणं, नवाच घे, कटकट नको. सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि तेही तिथेच बसणार. काय करू?

उत्तर : दीडशे वर्षं तूर्तास त्या विकणाऱ्याकडेच राहू द्या. शंभरी ओलांडली की अँटिक आणि त्याच्या अलीकडचं, बहुतेकदा विसाव्या शतकाच्या मध्याचं, ते व्हिंटेज, असा व्यापारातला सर्वसाधारण शिरस्ता. सासऱ्यांच्या गुडघ्यांना त्याच्याशी देणंघेणं नाही. त्यांचा संबंध उंचीशी, म्हणून आधी टेप काढा.

गादीसकट आणि कुणीतरी बसलेलं असताना बैठकीची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवी. गादी दबते, हे लोक विसरतात. ४० च्या खाली गेलं की दुखऱ्या गुडघ्यांना उठताना कुणाचा तरी हात लागतो. जर्मन वास्तुकार मीस व्हान डेर रोहे यांचा १९३० चा तो प्रसिद्ध चामडी दिवाण पाहा. चामड्याचे पट्टे, एका टोकाला गोल लोड, देखणेपणात तोड नाही. पण बैठक ४० च्या आसपासच आणि पाठ टेकायला काही नाही. तुमच्या सासऱ्यांना तो दुरूनच बघू द्या.

मग रुंदी. बसणाऱ्याला मांडीखाली ५०-५५ सेंटिमीटर पुरतात, झोपणाऱ्याला ८०-९० लागतात. दिवाणाचं सगळं दुखणं या मधल्या तीस सेंटिमीटरांत आहे. मागे टेकायला गेलं की पाय अधांतरी, पाय टेकवले की पाठ अधांतरी. साधा उपाय म्हणजे भिंतीच्या बाजूने भरभक्कम लोड लावायचे आणि रात्री काढून ठेवायचे. तेवढे लोड ठेवायला घरात जागा आहे का, तेही बघून घ्या. डेन्मार्कचे फर्निचरकार हान्स वेगनर यांनी १९५४ मध्ये गेटामा या कारखान्यासाठी केलेल्या दिवाणाची पाठच वर उचलली जाते. मागची जागा मोकळी होते आणि पलंग तयार. इतकं सरळ उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

जुने दिवाण मुळात लवंडण्यासाठी घडवलेले, त्यामुळे पुष्कळदा अरुंद. फ्रेंच चित्रकार दाव्हिद यांनी १८०० मध्ये मादाम रेकामिए या बाईंचं अशाच दिवाणावर बसलेलं चित्र काढलं, ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. बाई पाय वर घेऊन, मान वळवून कशा रेलल्या आहेत! त्यांनी त्या दिवाणावर रात्रभर कूस बदलून दाखवावी.

तरीही त्या कोरीव दिवाणावरून मन हटत नसेल, तर विकणाऱ्याला तो उलटा करायला सांगा. त्याने आढेवेढे घेतले तर विषय तिथेच संपला. खालच्या, न दिसणाऱ्या फळीवरून बोटं फिरवा. हाताने रंधा मारलेल्या लाकडावर हलक्या लाटा जाणवतात. यंत्राची फळी सपाट असते किंवा तिच्यावर गोल करवतीचे धनुष्याकृती ओरखडे दिसतात. ते दिसले तर काम एकोणिसाव्या शतकाआधीचं असण्याची आशा सोडा. आता स्क्रू. अधिकचिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. एखादा तसा असेल तर तो दुरुस्तीतला समजू. सगळेच तसे असतील आणि शेजारी बुजवलेली जुनी भोकं नसतील, तर दीडशे वर्षं गळून पडली.

माझी आवडती परीक्षा मात्र पायांची. लाकूड वाळताना रेषांच्या आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि आडवंही सगळीकडे सारखं नाही. त्यामुळे खरादावर गोल काढलेला पाय कालांतराने किंचित लंबगोल होतो. एकाच जागी दोन बाजूंनी जाडी मोजा. वर्षानुवर्षांचा पाय तंतोतंत गोल भरला तर मी शंका घेते.

किडीची भोकं बघून घाबरू नका. दिवाणाखाली काळा कागद अंथरून काही दिवस थांबा. त्यावर फिकट, ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. प्रक्रिया झाल्याशिवाय तो घरात नको.

वेताची जाळी चौकटीतल्या एकेका भोकातून ओवलेली असेल तर हाताची विण. तयार जाळी खाचेत दाबून पट्टीने बसवलेली असते. दोन्ही बदलता येतात, हाताच्या विणीला वेळ जास्त. पण तुमची जागा खिडकीखाली! उन्हाने वेत कोरडा पडून तडकतो. शिवाय कुणीतरी गुडघा टेकवून खिडकी उघडायला जाणारच, आणि तिथे वेत फाटणार.

तेव्हा माझा कौल व्हिंटेजला. १९५०-६० च्या काळातला, सरळ पायांचा, सुटी गादी घेणारा, भरीव लाकडाचा. असे बरेच पाय फिरवून काढता येतात, म्हणजे जिन्यातून नेणंही सोपं. पाहुणा रोजचाच झाला, तर नवऱ्याचं ऐका आणि प्रमाण मापाच्या गादीचा नवा घ्या. कोरीव दिवाण घेतलाच, तर उन्हापासून लांबच्या भिंतीला ठेवा आणि तो तुमच्यापुरता आहे हे घरात सांगून टाका.

प्रश्न : साठच्या दशकातला दिवाण मिळाला. चौकट भक्कम, पण उशीतून पिवळी भुकटी गळते आणि खालचे रबरी पट्टे लोंबतात. परत करू का?

उत्तर : अजिबात नको. फोम आणि रबर एवढ्या वर्षांत जाणारच, ते गेलं म्हणजे वस्तू गेली असं नव्हे. भुकटी हाताने झाडत बसू नका, मास्क लावून सरळ पिशवीत भरा. नवा फोम घनमीटरला ३२ किलोच्या वर घनतेचा घ्या. जाडी जुन्या उशीइतकीच ठेवा, नाहीतर उंची बिघडेल. पट्टे ताणून नवीन बसतात. जुनी खोळ मात्र टाकू नका, ती उसवून तिच्यावरून नवीन बेतता येते.

प्रश्न : घरात दोन मांजरं आहेत. पांढऱ्या चामड्याचा दिवाण घ्यावा का?

उत्तर : नको. घट्ट विणीचं, ओढलं तरी धागा न निघणारं कापड बघा, आणि ते मांजरांच्याच रंगाचं निवडा.