चौथीच्या मुलांची आर्थिक साक्षरता मोजायची कशी?

तुम्ही विचारलंय की, पर्याय निवडायची पंचवीस गुणांची चाचणी दिली तर चौथीच्या मुलांची आर्थिक साक्षरता कळेल का. मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, हा उद्योग एकदा करून बसलोय. कोणाला वाचता येतं, एवढंच कळलं.

'बँकेत पैसे ठेवल्यावर काय मिळतं?' जवळजवळ सगळ्या वर्गाने 'व्याज'वर खूण केली. आदल्या आठवड्यात मीच फळ्यावर लिहून दिलं होतं! मग तोंडी विचारलं, व्याज म्हणजे काय रे? एक पोरगा म्हणाला, "आबा सोसायटीला भरत्यात त्ये." उत्तरसूचीप्रमाणे चूक. पण द्राक्षबागेवर कर्ज असलेल्या घरातलं पोर ते. त्याला ठाऊक असलेलं व्याज माझ्या पर्यायांत नव्हतंच.

मोठ्यांच्या प्रश्नावल्या सोप्या करूनही वापरू नका. 'पिसा' ही अनेक देशांत होणारी चाचणी १५ वर्षांच्या मुलांची, एनसीएफईची (राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्राची) परीक्षा सहावी ते बारावीची, आणि ज्यात देशातले २७ टक्केच लोक आर्थिकदृष्ट्या साक्षर निघाले ती एनसीएफईचीच २०१९ची पाहणी प्रौढांची.

मी आता शाळेत भरणाऱ्या बालबाजारात मोजतो. मुलं घरची मेथी, लिंबं, भेळ घेऊन बसतात. सुट्टे परत देताना मी नुसता बघत उभा राहतो. वजाबाकीत कच्ची पोरं इथे सहसा चुकत नाहीत, कारण ती वजा करतच नाहीत. सातापासून दहापर्यंत बोटांवर मोजत जातात. बाजार उठला की एकेकाला बाजूला घेऊन विचारतो, नफा किती? बहुतेक जण गल्ल्यातली सगळी रक्कम सांगतात. मेथी घरची, म्हणजे फुकटची! बियाणं किंवा आईची मजुरी कोणी धरली तर २ गुण, 'आईचा थोडा खर्च झालाय' एवढं म्हटलं तरी १. गुण दोन शिक्षकांनी वेगवेगळे द्यावेत, नाहीतर आवडत्या पोरांना झुकतं माप मिळतं.

बचतीचे प्रश्न मात्र जपून. 'खाऊच्या पैशातून किती साठवतोस?' यात बापाचा खिसा मोजला जातो. त्यापेक्षा सगळ्यांना सारखे २० खोटे रुपये द्या आणि वर्गातच दुकान मांडा. त्या २० रुपयांत आज एक पेन्सिल, शुक्रवारपर्यंत थांबलं तर दोन. आणि शुक्रवारी पेन्सिली खरंच द्या. माझ्याकडून एकदा राहिल्या. पुढच्या वेळी एकही पोर थांबलं नाही, आणि त्यांना शून्य द्यायला माझा हात धजला नाही.